खालच्या मजल्यावरचे रेडिएटर तापत नाहीत : दोष पंपाचा की पाइपांचा?

थेम्सकाठी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. घर १९८४ साली बांधलेले, दुमजली, एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेले आहे. घर तापवण्याची व्यवस्था इकडच्या त्या काळच्या घरांत आढळते तशीच आहे. स्वयंपाकघरात भिंतीवर १५ किलोवॅटचा गॅस बॉयलर (२००७ साली बदललेला), वरच्या मजल्यावरच्या कपाटात गरम पाण्याची तांब्याची टाकी, तिच्याशेजारी पंप व तीन तोंडांचा मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह, आणि माळ्यावर बॉल-कॉक असलेली एक छोटी टाकी, जिच्यातून रेडिएटरांमधल्या, म्हणजे गरम पाणी आत खेळवून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पोकळ पट्ट्यांमधल्या, पाण्याची तूट भरून निघते. एकूण रेडिएटर नऊ, त्यांतले पाच वर आणि चार खाली. वरच्यांना १५ मिमीचे पाइप आहेत. खालच्या चारांना मात्र एका मॅनिफोल्डमधून, म्हणजे अनेक तोंडांच्या सामाईक जोडनळीतून, निघालेले १० मिमीचे बारीक पाइप आहेत, जे वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीखालून येऊन भिंतींच्या पोकळीतून खाली उतरतात.

तक्रार अशी की, वरचे पाचही रेडिएटर पंधरा मिनिटांत हात ठेववत नाही इतके तापतात, पण खाली चौघांची चार तऱ्हा आहे. स्वयंपाकघरातला बऱ्यापैकी गरम होतो, जेवणघरातला कोमट राहतो, दिवाणखान्यातला वरच्या कडेला गरम आणि खालच्या कडेला गार असतो, आणि दारातून आत शिरल्यावरच्या मार्गिकेतला तर दिवसभर थंडच असतो. त्यातून भर म्हणजे घराचा थर्मोस्टॅट नेमका त्याच मार्गिकेत आहे. त्याला हवे ते तापमान कधी मिळतच नाही, त्यामुळे यंत्रणा अखंड चालू राहते आणि वर झोपायच्या खोल्यांत खिडक्या उघडाव्या लागतात. बॉयलर चार-पाच मिनिटे पेटतो, विझतो, काही वेळाने पुन्हा पेटतो. वरच्या दोन रेडिएटरांतून दर आठवड्याला हवा काढावी लागते.

नोव्हेंबरात एका प्लंबरने पंप नवा बसवला व तो सर्वांत वरच्या वेगावर ठेवला. खालच्या मजल्याला काडीचाही फरक पडला नाही; फक्त पाइपांतून सूं-सूं आवाज येऊ लागला. दुसऱ्याने यंत्र लावून संपूर्ण व्यवस्था जोराच्या पाण्याने धुण्याचा, म्हणजे ‘पॉवर फ्लश’चा, सल्ला दिला. तिसऱ्याने बारीक पाइप पाहून मान हलवली आणि सगळी नळजोडणी बदलण्यावाचून इलाज नाही असे सांगितले. सासूबाई सोलापूरहून हिवाळाभरासाठी आल्या आहेत. थंडी त्यांनी सोसली असती, पण भिंतीवर रेडिएटर असून तो गार आहे, ही गोष्ट त्यांना जास्त खटकते, आणि त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही.

या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, हे ठरवण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे ते घरच्या घरी ताडून पाहण्याचा काही मार्ग आहे का? पाना, पक्कड आणि पाइपाला लावायचे दोन थर्मामीटर माझ्याकडे आहेत.

हौशी_हातोडी

माझ्या मते यात फार खोल जाण्याचे कारण नाही. माळ्यावरची टाकी, तांब्याची टाकी हे सगळे जुने झाले. ते काढून टाकावे आणि टाक्यांशिवाय चालणारा, नळाचे पाणीही लागेल तेव्हा तापवणारा कॉम्बी बॉयलर घ्यावा. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी तेच केले आणि कपाटाची जागाही मोकळी झाली.

मिडलँड्सकर

मी इमारतींच्या तापन-व्यवस्थांच्या कामात तीस वर्षे काढली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आधी कॉम्बीविषयी. तो बसवला म्हणजे बंद (माळ्यावरच्या उघड्या टाकीशी न जोडलेली) व्यवस्था आली, आणि बंद व्यवस्थेत थंड असतानाच साधारण १ ते १.५ बार दाब ठेवावा लागतो. आपल्या खालच्या मजल्यावर आज माळ्यावरच्या टाकीच्या उंचीइतकाच, म्हणजे अर्ध्या बारच्या आसपास दाब आहे. आतून गंजलेले रेडिएटर आणि जुने सांधे जास्त दाबाखाली आले की कुठून पाझरू लागतील ते सांगता येत नाही. शिवाय गाळ आहे तिथेच राहिला, तर नव्या बॉयलरच्या अरुंद वाटांत तोच जाऊन बसेल. बॉयलर बदलायचा असेल तर जरूर बदलावा, पण या दुखण्यावरचे औषध म्हणून नव्हे.

‘रक्ताभिसरण मंद आहे’ म्हणणे जसे निदान नव्हे, तसेच ‘पाणी नीट फिरत नाही’ हेही निदान नव्हे. त्यामागे पाच वेगवेगळी कारणे असू शकतात : पंप अशक्त असणे, हवा साचणे, गाळाने वाट बुजणे, एखादा व्हॉल्व्ह अडकणे, आणि पाण्याची वाटणी चुकणे. पाचांचे उपाय वेगळे आहेत, आणि आपल्या घरात त्यांपैकी एकापेक्षा जास्त कारणे एकत्र नांदत असावीत असा मला संशय आहे. म्हणून एकेक बाजूला काढू.

पंप पहिला. वरचे रेडिएटर पंधरा मिनिटांत तापत असतील तर पंप फिरतो आहे, हे उघड आहे. जुना पंपही बहुधा ठीकच असावा. इकडे घरोघरी असणारा पंप सुमारे सहा मीटरपर्यंत उंचीइतका दाब देतो. वेग वाढवून त्यात जी भर पडते ती बेताचीच असते, कारण त्याच पाइपांतून दुप्पट पाणी न्यायचे तर जवळजवळ चौपट दाब लागतो. आवाज येत असल्यास पंप मधल्या वेगावर आणा. काही बिघडणार नाही.

आता मोजमाप. बॉयलरमधून निघणाऱ्या आणि परत येणाऱ्या पाइपांवर एकेक थर्मामीटर घट्ट बांधा, वरून कापडाचा तुकडा गुंडाळा, आणि बॉयलर पूर्ण शक्तीने पेटलेला असताना दोन्ही आकडे लिहून घ्या. किलोवॅटला १४.३ ने गुणून तापमानांतल्या फरकाने भागले की मिनिटाला किती लिटर पाणी फिरते ते कळते. फरक २० अंशांचा असेल तर आपल्या बॉयलरमधून मिनिटाला १०.७ लिटर जात आहेत. फरक त्याहून बराच जास्त असून बॉयलर लवकर विझत असेल, तर एकूण पाणीच कमी फिरते आहे. फरक अगदी थोडा असेल आणि तरीही खोल्या गार असतील, तर पाणी कुठल्यातरी आडवाटेने रेडिएटरांना वगळून परतते आहे, उदाहरणार्थ बायपास व्हॉल्व्ह (पाण्याला रेडिएटर टाळून बॉयलरकडे परतू देणारा) जास्त उघडा राहिला आहे.

त्यानंतरची चाचणी सर्वांत बोलकी आहे आणि तिला हत्यारही लागत नाही. खालचा एकच रेडिएटर उघडा ठेवून बाकीचे आठ बंद करा. पंपाचा सगळा जोर एकाच वाटेवर आला म्हणजे तो तापतो का, ते पाहा. तापला, तर त्याची वाट मोकळी आहे आणि एरवी त्याच्या वाट्याचे पाणी दुसरे पळवत आहेत. तरीही तापला नाही, तर अडथळा त्याच्याच पाइपात किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. चाचणीआधी प्रत्येक थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची (खोली तापली की त्या रेडिएटरचे पाणी आपोआप बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची) टोपी काढून आतली पिन बोटाने दाबून पाहा. उन्हाळाभर बंद राहिलेल्या पिना खाली अडकून बसतात. पिन दाबल्यावर स्वतःहून वर आली पाहिजे. ती पकडीने उपटू नये, नाहीतर हातात येईल आणि पाठोपाठ पाणीही.

तिसरी गोष्ट माळ्यावर चढून पाहायची आहे. घरातल्या कोणाला तरी तळमजल्यावरच्या निचऱ्याच्या तोटीतून एक बादली पाणी काढायला सांगा आणि आपण छोट्या टाकीकडे पाहत राहा. पातळी उतरून बॉल-कॉक सुरू झाला पाहिजे. पाणी खाली निघाले आणि वर पातळी हललीच नाही, तर टाकीतून येणारा १५ मिमीचा पाइप बुजला आहे. तो मुख्य पाइपाला जिथे मिळतो त्या सांध्यावर साधे लोहचुंबक लावून पाहा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटले, तर आत काळा लोहगाळ, म्हणजे मॅग्नेटाइट, साचला आहे.

दर आठवड्याला निघणारी हवा ही नेहमी हवाच असते असेही नाही. आतले लोखंड गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तो वरच्या रेडिएटरांच्या माथ्याशी जमतो. तो पेटणारा वायू आहे, म्हणून हवा काढताना जवळ मेणबत्ती किंवा काडी नको. आणि एक सांगून ठेवतो : पाण्याच्या बाजूचे काम घरमालकाने करायला हरकत नाही, पण बॉयलरच्या आतल्या गॅसच्या व ज्वलनाच्या भागाला फक्त ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या माणसानेच हात लावायचा, असा इथला कायदा आहे.

कृष्णाकाठ

मी सांगलीचा. रेडिएटर मी फक्त चित्रांत पाहिलेला आहे, पण पाटबंधारे आणि ठिबक यांत उभे आयुष्य गेले असल्याने हा धागा वाचताना राहवले नाही. प्रश्नातले वर्णन वाचून मला आमच्या कालव्यावरची जुनी तक्रार आठवली : हेडच्या, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडच्या, शेतकऱ्यांच्या उसात पाणी तुंबलेले आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा पाट कोरडा. कालव्यात आणखी पाणी सोडून हे सुटत नाही. जास्तीचे पाणीही हेडलाच मुरते. म्हणूनच पाणीवाटप टेलकडून सुरू करण्याचा आग्रह धरला जातो आणि हेडची दारे आवळावी लागतात. आपल्या वरच्या पाच रेडिएटरांचे पाइप जाड, वाट जवळची आणि दारे सताड उघडी असतील, तर नवा पंप बसवूनही जास्तीचे पाणी त्यांच्याकडेच जाणार. तसेच झालेले दिसते.

बारीक पाइपांबद्दल थोडा हिशोब करून पाहिला. इंग्लंडमधल्या १५ मिमी तांब्याच्या पाइपाचा आतला व्यास १३.६ मिमी आणि १० मिमीचा ८.८ मिमी धरला, तर पहिल्याचा छेद दुसऱ्याच्या जवळजवळ २.४ पट भरतो. एवढ्याने बारीक पाइप नालायक ठरत नाही. एका मध्यम रेडिएटरला तो पुरतो. मात्र त्याला गाळ सोसत नाही. आतून सगळीकडे एक मिलिमीटरचा थर बसला की व्यास ६.८ वर येतो, छेद सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, आणि तेवढेच पाणी ढकलायला साडेतीन पटींहून जास्त दाब लागतो, कारण व्यास घटला की विरोध साधारण त्याच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्यामुळे जाड पाइपांत जो गाळ कोणाच्या ध्यानातही येत नाही, तोच खालच्या मजल्यावर वाट अडवतो.

धुण्याबद्दलही एक सुचवावेसे वाटते. ठिबकच्या नळ्या धुताना आम्ही सगळ्यांची टोके एकदम सोडत नाही, कारण मग कोणत्याच नळीत गाळ उचलण्याइतका वेग येत नाही. थोड्या थोड्या नळ्या सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबतो. तुमच्याकडे यंत्र लावून धुवायचे ठरलेच, तर नऊ रेडिएटर एकदम न धुता एकेक धुतात ना, एवढे आधी विचारून घ्यावे.

स्टुटगार्टकर

कृष्णाकाठ यांनी हेडची दारे आवळण्याविषयी जे लिहिले त्याला जर्मनीत ‘हायड्राउलिशर अबग्लाइश’ असे भारदस्त नाव आहे आणि ते केल्याचा पुरावा दिल्याशिवाय नव्या तापन-व्यवस्थेचे सरकारी अनुदान मिळत नाही. आमच्या इमारतीत ते झाले तेव्हा प्रत्येक खोलीची उष्णतेची गरज आधी काढली आणि त्यानुसार व्हॉल्व्हच्या आतल्या कड्यावरचा आकडा लावला. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत असे आकडे असलेले व्हॉल्व्ह सहसा नसतात. तिथे हे काम रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाच्या लॉकशील्ड व्हॉल्व्हवर (पान्याने फिरवून पाणी कमी-जास्त करायच्या) हाताच्या अंदाजाने करावे लागते.

परत येणारे पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तेव्हाच कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचे पाणी करून तिची उष्णता परत मिळवतो, हेही ध्यानात ठेवावे. वाटणी चुकलेल्या घरात लोक बॉयलरचे तापमान वाढवत नेतात. टेलचा रेडिएटर तरीही कोमटच राहतो आणि गॅस मात्र जास्त जळतो.

थेम्सकाठी

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. शनिवार-रविवार यातच गेला. निष्कर्ष काढण्याचे धाडस न करता जे दिसले तेच लिहिते.

बॉयलर पूर्ण पेटलेला असताना जाणारे पाणी ७५ अंश आणि परतीचे ४८ अंश भरले. सूत्राप्रमाणे मिनिटाला आठच लिटर पाणी फिरते आहे. पाचव्या मिनिटाला जाणारा पाइप ८० च्या पुढे गेला आणि बॉयलर विझला. पंप मधल्या वेगावर आणल्यावर आवाज थांबला आणि आकड्यांत फारसा फरक पडला नाही.

थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हच्या दोन पिना अडकलेल्या होत्या, पण दोन्ही वरच्या मजल्यावरच्या, आणि त्याही उघड्या अवस्थेत. एकेक रेडिएटर उघडा ठेवण्याच्या चाचणीत जेवणघरातला दहा मिनिटांत पूर्ण तापला, तेव्हा सासूबाईंनी तिथेच खुर्ची ओढून घेतली आणि चाचणी संपल्यावरही उठायला नकार दिला. दिवाणखान्यातल्याची वरची कड आणखी गरम झाली, मात्र खालचा मधला भाग गारच राहिला. मार्गिकेतला अर्ध्या तासानंतरही ढिम्म. त्याचा भिंतीतून येणारा पाइप दोन वितींपर्यंत गरम लागतो आणि व्हॉल्व्हपाशी गार.

माळ्यावरचा प्रकार मात्र विलक्षण निघाला. यजमानांनी खाली बादलीभर पाणी काढले, ते शाईसारखे काळे होते, आणि मी वर टाकीकडे टॉर्च धरून बसले होते. पातळी केसभरही हलली नाही. टाकीच्या तळाशी तपकिरी चिखल आहे. कपाटात खाली उतरून चुंबक लावले, तर त्या सांध्याला ते असे चिकटले की ओढून काढावे लागले. आता आठवते, की वरच्या रेडिएटरांतून हवा काढल्यावर शेवटी पाण्याची धार येण्याऐवजी नुसते थेंब येत असत. मला वाटे, की मी चावी पुरेशी फिरवत नाही.

मिडलँड्सकर

चावी आपण बरोबरच फिरवत होतात. माळ्यावरून पाणी येणारी वाट बुजली आहे. दर आठवड्याला आपण जेवढा वायू बाहेर सोडला तेवढे पाणी टाकीतून यायला हवे होते. ते येत नसल्याने, टाकीवर वाकवून सोडलेला जो मोकळा पाइप असतो त्यातली पातळी तेवढी खाली गेली. असे आठवडे साचत गेले की ती पातळी मुख्य पाइपाच्या सांध्यापर्यंत येते आणि पंप पाण्याबरोबर हवाही ओढू लागतो. हवेतला प्राणवायू आत आला की गंज वाढतो, गंजाने गाळ आणि वायू वाढतात, आणि आठवड्याने आपण पुन्हा चावी घेऊन उभ्या. नवा पंप बसवून सर्वांत वरच्या वेगावर ठेवल्यावर जो आवाज आला, तोही बहुधा या हवेचाच.

म्हणजे आपल्या घरी निदान तीन दुखणी वेगवेगळी आहेत. पहिले, बुजलेला सांधा. तो रसायनाने उघडेल अशी आशा ठेवू नये, कारण तिथे पाणीच हलत नसल्याने रसायन पोहोचत नाही. तेवढा तुकडा कापून नवा बसवणे हे चांगल्या प्लंबरचे एका सकाळचे काम आहे. हे काम आधी झाले पाहिजे; यंत्राने धुण्याचा विचार त्यानंतर. मोकळ्या पाइपावर कोणी व्हॉल्व्ह बसवू पाहील तर बसवू देऊ नका, ती या व्यवस्थेची सुरक्षेची वाट आहे. दुसरे, दिवाणखान्यातल्या रेडिएटरच्या तळाशी बसलेला गाळ. त्यासाठी तो काढून अंगणात नेऊन नळीने धुणे हाच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. दोन माणसे आणि जुनी टॉवेले लागतील. तिसरे, वाटणी, ती सगळ्यांत शेवटी.

मार्गिकेतला रेडिएटर हे कदाचित चौथे दुखणे ठरेल. एक विचारायचे राहिले : त्याचे दोन्ही बारीक पाइप एकाच टोकाला, एकाच व्हॉल्व्हमध्ये शिरतात का?

थेम्सकाठी

होय, दोन्ही एकाच व्हॉल्व्हमध्ये शिरतात. दुसऱ्या टोकाला नुसते बूच आहे. बाकी आठांना दोन टोकांना दोन व्हॉल्व्ह आहेत. हे विचारण्याचे कारण कळले नाही.

मिडलँड्सकर

बारीक पाइपांच्या जुन्या कामांत असे दुहेरी तोंडाचे व्हॉल्व्ह पुष्कळ वापरले गेले. त्यांतून एक बारीक नळी रेडिएटरच्या पोटात आडवी गेलेली असते. गरम पाणी त्या नळीच्या टोकाशी सुटते आणि गार झालेले तिच्या बाजूने परतते. व्हॉल्व्हमधल्या या वाटा फारच अरुंद असतात आणि गाळ तिथे हमखास अडकतो. पाइप व्हॉल्व्हपाशी गार लागतो असे आपण लिहिलेत, म्हणून शंका आली. तो व्हॉल्व्ह सोडवून दोन्ही पाइपांतून एकेक करून बादलीत पाणी काढून पाहा. धार नीट आली, तर भिंती फोडायची गरज नाही.

थेम्सकाठी (सहा आठवड्यांनंतर)

उशिरा लिहिते आहे, कारण सगळे होऊन थोडी थंडी अनुभवल्यावरच लिहावे असे वाटले.

नव्या प्लंबरला मी धागा न दाखवता फक्त आकडे आणि चुंबकाची गोष्ट सांगितली. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि करवत आणायला गाडीकडे गेला. कापलेला तुकडा मी ठेवून घेतला आहे. टाकीकडून येणाऱ्या १५ मिमीच्या फांदीत कोळशासारखा कडक काळा गोळा बसला होता आणि त्यातून उजेडही दिसत नव्हता. २२ मिमीच्या मुख्य पाइपातही पेन्सिल जेमतेम शिरेल एवढीच वाट शिल्लक होती. एकूण पाणी मिनिटाला आठ लिटरच का, याचे उत्तर बरेचसे तिथेच मिळाले. माळ्यावरची टाकी त्याने पुसून स्वच्छ केली, नवा सांधा बसवला, आणि पाणी भरताना बॉल-कॉकचा आवाज मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर गाळ सुटा करणारे रसायन घालून दोन आठवडे यंत्रणा चालवली आणि सगळे पाणी काढून टाकले. पॉवर फ्लशचे यंत्र आणलेच नाही. दिवाणखान्यातला आणि मार्गिकेतला रेडिएटर यजमानांनी व शेजाऱ्यांनी उचलून अंगणात नेला. पहिल्यातून जे निघाले त्याने फरशीवर अजून डाग आहे. मार्गिकेतल्याच्या बाबतीत शंका खरी ठरली. दोन्ही बारीक पाइपांतून धार बरी येत होती, पण व्हॉल्व्हच्या पोटातली नळी टोकापर्यंत गच्च भरली होती. तो व्हॉल्व्ह काढून दोन टोकांना दोन साधे व्हॉल्व्ह बसवले. एक पाइप दुसऱ्या टोकापर्यंत भिंतीलगत उघडा न्यावा लागला. तो दिसायला फारसा चांगला नाही.

वाटणीला मात्र दोन रविवार लागले. सगळे व्हॉल्व्ह उघडून, घर थंड असताना यंत्रणा सुरू करून, कोणता रेडिएटर आधी तापतो तो क्रम लिहिला. पहिला, म्हणजे टाकीच्या कपाटाजवळच्या खोलीतला, लॉकशील्डवर फक्त पाव फेरा उघडा ठेवला. मार्गिकेतला पूर्ण उघडा. बाकीचे मध्ये कुठेतरी. पहिल्या एका फेऱ्यातच जवळजवळ सगळा फरक पडतो आणि पुढचे दोन-तीन फेरे केवळ शोभेचे असतात, हे मला एक आख्खी सकाळ वाया घालवल्यावर कळले. प्रत्येक बदलानंतर वीस मिनिटे थांबायचे, इतका धीर माझ्या अंगी नव्हता. तो सासूबाईंच्या अंगी होता. शेवटी थर्मामीटर त्यांच्याच ताब्यात गेला आणि आकडे वहीत त्यांनीच मांडले.

आताचे आकडे असे : पूर्ण शक्तीवर जाणारे पाणी ७० अंश, परतीचे ५२, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १२ लिटर. पंप मधल्याच वेगावर आहे. वरच्या रेडिएटरांतून चार आठवड्यांत एकदाही हवा काढावी लागलेली नाही. मार्गिकेतला अजून सर्वांत शेवटी तापतो, पण तापतो. दोन प्रश्न उरले आहेत. गंज रोखणारे द्रव्य आता घालायचे आहे, ते माळ्यावरच्या टाकीत नुसते ओतले तर चालेल का? आणि मार्गिकेतल्या नव्या व्हॉल्व्हवर प्लंबरने थर्मोस्टॅटिक टोपी बसवली आहे, ती ठेवावी का?

मिडलँड्सकर

टोपी काढून टाका आणि तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. घराचा थर्मोस्टॅट त्याच मार्गिकेत असल्यामुळे, टोपीने तो रेडिएटर आधी बंद केला, तर थर्मोस्टॅटला हवे ते तापमान मिळणार नाही आणि वरच्या खिडक्या पुन्हा उघडाव्या लागतील.

द्रव्य टाकीत नुसते ओतले तर ते टाकीतच राहते. बॉल-कॉक दोरीने वर बांधा, खालच्या तोटीतून पाणी काढत टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या, बाटलीवर सांगितलेले प्रमाण टाकीत ओता, आणखी थोडे पाणी खालून काढून ते आत ओढून घ्या, मग दोरी सोडा. गाळ सुटा करणारे रसायन पूर्ण निघाले आहे याची आधी खात्री करा. शेवटचे पाणी नळाच्या पाण्याइतके स्वच्छ दिसले पाहिजे. पुढे सवड होईल तेव्हा परतीच्या पाइपावर, बॉयलरच्या अलीकडे, चुंबकीय गाळणी बसवून घ्या. २०१९ साली सुधारलेले इथले मानक, बी.एस. ७५९३, तेच सांगते. मार्च महिन्यात एकदा काचेच्या बाटलीत पाणी काढून रात्रभर ठेवा आणि तळाशी काळे काही बसते का ते इथे कळवा.

कृष्णाकाठ

वहीतले आकडेही जमल्यास टाकावेत. आमच्या ताईंनी पाव फेऱ्यावर हेडचे दार कसे बसवले, ते मला इथल्या पोरांना दाखवायचे आहे.